साके चाखायची पद्धत: बाटली निवडण्यापासून कोमट करण्यापर्यंत

"साके घेऊन पाहिली, पण काही खास वाटली नाही." साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू. जपानला जाऊन आलेल्या मंडळींकडून तिच्याबद्दल हे नेहमी ऐकू येतं. खोदून विचारलं की कळतं, एकच साके घेतली होती, ती वाफाळती गरम होती, झणझणीत जेवणासोबत होती आणि टकिलासारखी एका दमात घशाखाली गेली होती. दुसऱ्या प्रकारचे लोक थेट महागडी दाइगिंजो (जास्त घासलेल्या तांदळाची सुगंधी साके) आणतात, फ्रीजमधून काढून बर्फगार पितात आणि "हे तर फळांचं पाणी" म्हणून मोकळे होतात. दोघांचंही चुकतं ते तापमानात आणि क्रमात. बाटली किती महाग, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे सगळं एका संध्याकाळी, दोन-चार जणांत, घरच्या घरी करता येतं.

## १. आधी बाटली ओळखा

जपानमधल्या सुपरमार्केटात पहिली चूक इथेच होते. बाटल्या सारख्या दिसतात, लेबल वाचता येत नाही. फोनचा कॅमेरा लावून भाषांतर होतं, पण कलात्मक अक्षरांपुढे तोही चाचपडतो. म्हणून मागच्या बाजूचं छोटं लेबल बघायचं. तिथे साधी छापील अक्षरं आणि आकडे असतात.

अल्कोहोलचा आकडा. साके साधारण १५-१६ टक्क्यांची असते. पाणी न घातलेली, म्हणजे गेन्शू, १७ ते २० पर्यंत जाते. आकडा २५ असेल तर हातात साके नाही, शोचू आहे. ती ऊर्ध्वपातन केलेली, वेगळीच दारू.

घटक. फक्त तांदूळ आणि तांदळाची कोजी (बुरशी चढवलेला तांदूळ) असेल तर ती जुनमाई. तिसरा घटक म्हणून वेगळं अल्कोहोल लिहिलं असेल तर ती होन्जोझो, गिंजो, दाइगिंजो किंवा साधी फुत्सूशू. तांदळाचं जपानी अक्षर ओळखायला सोपं आहे: मध्ये अधिकचं चिन्ह आणि चार कोपऱ्यांत चार छोट्या तिरप्या रेघा.

अल्कोहोल घातलंय म्हणजे भेसळ, असं समजू नका. गिंजो आणि होन्जोझोमध्ये त्याचं प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे, पांढऱ्या तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत. त्याने सुगंध मोकळा होतो आणि चव हलकी राहते. स्वस्त फुत्सूशूत मात्र ते जास्त असू शकतं, साखरही असू शकते.

पॉलिशचा आकडा. सर्वात जास्त गोंधळ याचाच. ६० टक्के म्हणजे दाण्याचा ६० टक्के भाग *उरला*, ४० टक्के घासून काढला. गिंजोसाठी हा आकडा ६० किंवा खाली, दाइगिंजोसाठी ५० किंवा खाली आणि होन्जोझोसाठी ७० किंवा खाली लागतो. नुसत्या जुनमाईला २००४ पासून अशी मर्यादा नाही. यामागुची प्रांतातल्या 'दास्साई २३' मधला २३ हा हाच आकडा.

आकडा जितका लहान तितकी साके चांगली, ही समजूत दुकानदारांच्या सोयीची आहे. जास्त घासलेल्या तांदळाची साके स्वच्छ, सुगंधी आणि महाग होते. कमी घासलेल्या तांदळाच्या साकेत भाताची भरीव चव राहते, आणि कोमट करायला मी दहापैकी नऊ वेळा तीच घेईन.

गोड की कोरडी. काही लेबलांवर अधिक-उणे चिन्हासकट एक आकडा असतो, निहोन्शूदो. उण्याकडे गोड, अधिककडे कोरडी. पण तो फक्त द्रवाची घनता सांगतो. आंबटपणा जास्त असेल तर उण्यातली साकेसुद्धा जिभेला कोरडी वाटते. म्हणून +५ वाचून निर्णय घेऊ नका. +१५ दिसलं तर कोरडी निघेल हे नक्की धरा.

> सावधान: व्हिनेगर आणि सोया सॉसच्या फळीवरची स्वस्त 'र्योरीशू' ही स्वयंपाकाची साके. तिच्यात मुद्दाम मीठ घातलेलं असतं. प्यायला आणू नका.

## २. चार बाटल्या, चार स्वभाव

दहा साके चाखायच्या म्हटलं की सहाव्या पेल्यानंतर जीभही थकते आणि माणूसही. चार पुरेत, फक्त त्या एकमेकींपासून लांबच्या हव्यात:

1. हलकी, कोरडी: होन्जोझो. निगाताच्या 'हाक्काइसान'ची तोकुबेत्सू होन्जोझो सहज मिळते.
2. सुगंधी: गिंजो किंवा दाइगिंजो. 'दास्साई ४५' चालेल.
3. भरीव: किमोतो किंवा यामाहाई पद्धतीची जुनमाई. या दोन्ही पद्धतींत लॅक्टिक आम्ल बाहेरून न घालता जिवाणूंकडून तयार होऊ देतात, म्हणून चवीत ताकाची झाक येते. फुकुशिमाची 'दाइशिची' याच कामासाठी प्रसिद्ध आहे.
4. मुरलेली: कोशू, म्हणजे काही वर्षं ठेवलेली. रंग मधासारखा किंवा त्याहून गडद. गिफूची 'दारुमा मासामुने' हे यातलं ओळखीचं नाव.

कोशू मिळाली नाही तर तिच्या जागी गढूळ निगोरी घ्या. ब्रँड हेच हवेत असं नाही, प्रकार चुकवू नका. ७२० मिलीच्या चार बाटल्या म्हणजे फार झालं. १८० किंवा ३०० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळत असतील तर त्याच आणा.

## ३. आणणं आणि ठेवणं

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. ७२० मिलीच्या तीन बाटल्या २,१६० मिली होतात, मर्यादा ओलांडते. दोन मोठ्या आणि एक ३०० मिलीची असा हिशेब बसवा. शहरातल्या दुकानातून घेतलेल्या बाटल्या चेक-इन सामानातच, कपड्यांत गुंडाळून.

'नामा' म्हणजे पाश्चरीकरण न केलेली साके मात्र तिथेच प्यावी. नेहमीची साके ६०-६५ अंशांवर, बहुधा दोनदा, तापवून स्थिर केलेली असते. नामाला तो आधार नाही. तिला सतत थंडावा लागतो आणि विमानतळापासून घरापर्यंतच्या उन्हात तिची चव उतरते.

घरी आल्यावर:

- बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी नको, साके झाकणाला लागत राहते.
- उजेडापासून लांब ठेवा. ऊन तर नकोच, ट्यूबलाइटखालीही महिनोन् महिने नको. वर्तमानपत्रात गुंडाळणं हा जपानमधलाही जुना उपाय आहे.
- गिंजो, दाइगिंजो फ्रीजमध्येच. बाकीच्या थंड, अंधाऱ्या जागी चालतात असं पुस्तकात असतं, पण ती जागा मुंबई-नागपूरच्या घरांत बहुतेक वेळा फ्रीज हीच असते.
- शोकेसमध्ये सजवून "खास प्रसंगासाठी" ठेवू नका. बहुतेक साके ताजी पिण्यासाठीच बनवलेली असते. बाटलीत भरल्यापासून वर्षभरात संपवलेली बरी.

## ४. चाखायच्या दिवशीची तयारी

पेले. जपानमधले व्यावसायिक परीक्षक पांढरा चिनी मातीचा कप वापरतात. त्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं असतात, पांढऱ्यावर रंग कळतो आणि निळ्या कडेवर गढूळपणा. घरी त्याची गरज नाही. सुगंधी साकेसाठी छोटा वाइन ग्लास, बाकीच्यांसाठी पातळ काठाचे साधे काचेचे पेले आणि कोमट करण्याच्या वेळी चिनी मातीचे छोटे कप. लाकडी चौकोनी 'मासू' फोटोत छान दिसतो, पण लाकडाचा वास साकेवर चढतो. तुलना करायची असेल तेव्हा तो बाजूला ठेवा.

वास. त्या संध्याकाळी अत्तर, अगरबत्ती, रूम फ्रेशनर बंद. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी दिली असेल तर अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा. चाखण्याआधी तासभर कॉफी, पान, सिगारेट, पेपरमिंट काही नको.

पाणी. साधं, गार नसलेलं, आणि भरपूर. जितकी साके तितकंच पाणी, हा जपानी नियम काटेकोर पाळा. दुसऱ्या दिवशीचं डोकं त्यावरच अवलंबून असतं.

पोटाला आधार. रिकाम्या पोटी नको. मधे मधे जीभ साफ करायला बिनतिखटाचे कुरमुरे किंवा पावाचा तुकडा ठेवा.

माप. प्रत्येक साके ४५ मिली. चार मिळून १८० मिली होतात, तेच जपानी माप 'गो'. आपल्याकडे १८० म्हटलं की क्वार्टर आठवते. पण ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि १५ टक्क्यांच्या एका गोमध्ये २२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन छोटे पेग. साके गोडसर आणि मऊ लागते, त्यामुळे हा हिशेब सुटतो आणि माणूस तिसऱ्या गोवर पोचतो.

> तपासून पाहा: पेल्यात आधी नुसतं पाणी ओतून वास घ्या. साबणाचा किंवा कपाटाचा वास आला तर पेला परत धुवा.

## ५. क्रम

हलकी, मग सुगंधी, मग भरीव, शेवटी मुरलेली. कोमट करायची असेल ती थंडांच्या नंतर.

सुगंधी साकेने सुरुवात करा असं सांगणारेही जाणकार आहेत. माझं मत वेगळं आहे. दाइगिंजोनंतर होन्जोझो घेतली की ती पाण्यासारखी लागते, आणि तो अन्याय आहे. एकटी प्यायली तर तीच होन्जोझो जेवणाबरोबर तासभर सोबत करते. कोशू आधी घेतलीत तर मात्र संध्याकाळच संपली, तिची काकवी-अक्रोडाची चव जिभेवरून उतरत नाही.

चारही पेले एकदम ओतून समोर मांडा. एक संपवून दुसरी ओतली तर तुलना आठवणीवर करावी लागते आणि आठवण फसवते.

## ६. बघा, हुंगा, मग घोट

बघा. पेल्यामागे पांढरा कागद धरा. पूर्ण रंगहीन साके बहुधा कोळशाने गाळलेली असते. फिकट पिवळी झाक हा दोष नाही.

हुंगा. पेला न हलवता एकदा, किंचित फिरवून एकदा. गिंजोत सफरचंद, खरबूज, बडीशेप किंवा पिकलेल्या केळ्याचा वास येतो. त्यात फळ घातलेलं नसतं, यीस्ट थंड वातावरणात सावकाश काम करताना हे सुगंध तयार करतं. जुनमाईत वाफाळत्या भाताचा, पेजेचा वास शोधा, किमोतोत ताका-दह्याचा. "मला काहीच वास येत नाही" असं झालं तर साके फार गार आहे. पेला दोन मिनिटं तळहातात धरा.

घोट. चमचाभर. लगेच गिळू नका. जिभेवर सगळीकडे पसरू द्या, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, मग गिळा आणि नाकाने श्वास सोडा. तोंडातून नाकात जाणारा हा दुसरा वास पहिल्यापेक्षा बरंच जास्त सांगतो.

आता चार गोष्टी टिपून ठेवा: गोडी, आंबटपणा, भरीवपणा आणि शेवट. शेवट म्हणजे चव चटकन तुटली की रेंगाळली. तुटण्याला जपानीत 'किरे' म्हणतात, आणि निगाताच्या साकेप्रेमींना तीच हवी असते. रेंगाळणं हा दोष नव्हे. पण कडवटपणा रेंगाळला तर लिहून ठेवा.

> नेहमीची चूक: पहिल्या घोटावर निकाल देणं. पहिल्या घोटात अल्कोहोलच जाणवतं. दुसरा घोट घेऊन मगच लिहा.

> निगोरी असेल तर: बाटली खळखळ हलवू नका. आधी वरचा नितळ भाग थोडा ओतून चाखा, मग बाटली दोन-तीनदा अलगद उलटी-सुलटी करून गढूळ चाखा. जिवंत यीस्ट असलेल्या निगोरीत वायू असतो. झाकण किंचित उघडायचं, फेस वर आला की बंद करायचं, असं पुन्हा पुन्हा करत उघडा. घाई केली तर अर्धी बाटली टेबलावर जाते.

## ७. तापमान: इथे वेळ द्या

बाकी सगळं घाईत उरकलंत तरी चालेल. हा भाग मात्र सावकाश करा, कारण एकच बाटली तापमानानुसार वेगवेगळी लागते. जपानीत दर पाच-दहा अंशांना स्वतंत्र नाव आहे: ५ ला युकिबिए, १० ला हानाबिए, १५ ला सुझुबिए, ३० ला हिनाताकान, ३५ ला हितोहादाकान, ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान. पाठ करायची गरज नाही. पण एक लक्षात घ्या: जपानी पुस्तकातलं 'सामान्य तापमान' २० अंशांचं असतं. मे महिन्यात ठाण्यातल्या स्वयंपाकघरात बाहेर ठेवलेली बाटली आपोआप हिनाताकानच्या पुढे गेलेली असते. तेव्हा २० साठीसुद्धा फ्रीजमधून काढून थांबायचं, बाहेरून सुरुवात करायची नाही.

सुगंधी साके १० ते १५ वर, हलकी त्याहून थोडी गार, भरीव २० वर किंवा ४०-४५ वर, कोशू २० च्या आसपास. ही सुरुवात धरा, नंतर मोडा.

कोमट करायची रीत:

1. भरीव जुनमाई घ्या. तोक्कुरी (अरुंद मानेची सुरई) ८० टक्के भरा, तापल्यावर साके वर चढते. तोक्कुरी नसेल तर स्टीलचा छोटा पेला घ्या. धातू लवकर तापतो, म्हणून लक्ष ठेवा.
2. तोंडावर प्लॅस्टिक फिल्म किंवा बशी ठेवा, सुगंध उडून जात नाही.
3. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा.
4. तोक्कुरी खांद्यापर्यंत पाण्यात बुडेल अशी ठेवा. खोलीच्या तापमानाची साके दोन-तीन मिनिटांत ४० च्या आसपास येते, फ्रीजमधली असेल तर जास्त वेळ लागतो.
5. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर बाहेर काढून तळाला बोट लावा. तळ सुखद उबदार लागला तर ४० च्या जवळ, गरम लागला पण बोट टिकलं तर ४५.

गॅस चालू ठेवून थेट उकळत्या पाण्यात ठेवलेली साके ६० च्या पुढे जाते, अल्कोहोल नाकात चढतं आणि चव बोथट होते. पहिल्या परिच्छेदातल्या मंडळींना बहुतेक हीच मिळाली होती. मायक्रोवेव्हमध्ये वरचा भाग तापतो आणि तळ गारच राहतो. नाइलाज असेल तर रुंद कपात घेऊन २० सेकंदांच्या टप्प्यांनी तापवा आणि दर वेळी ढवळा.

आता तीच साके १५, ४० आणि ५० वर शेजारी शेजारी चाखा. गारमध्ये आंबटपणा टोकदार, ४० वर तो भाताच्या गोडीत मिसळलेला, ५० वर चव कोरडी आणि धारदार. मग ५० चा पेला तसाच ठेवा, निवत ४० वर आला की पुन्हा घोट घ्या. तो थेट ४० वर तापवलेल्यापेक्षा मऊ लागतो, असं मला तरी वाटतं.

> सावधान: कोमट साके लवकर चढते, कारण शरीरात लवकर शोषली जाते. घोट छोटे ठेवा.

## ८. सोबत काय खायचं

तिखट हा खरा शत्रू. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि साकेची नाजूक गोडी पहिल्याच घासाला जाते. तिखट टाळताच येत नसेल तर गोडसर निगोरी घ्या, तीच काय ती टिकते.

होन्जोझोबरोबर रव्यात घोळवून तळलेली सुरमई, फक्त मसाला हलका ठेवून. किमोतो कोमट करून मशरूम, जुनं चीज किंवा दाण्याच्या कुटातली भरली वांगी. कोशूबरोबर बदाम, अक्रोड, गूळ. दाइगिंजोला मी काही देत नाही. फार तर काकडी आणि मीठ.

शाकाहारी वाचकांसाठी: जपानमधल्या इझाकायात (दारूसोबत छोटे पदार्थ मिळणारी खानावळ) भाजीच्या पदार्थांतही माशांचा 'दाशी', म्हणजे सार, असतो. गार टोफूवर वाळवलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला येतो, तेंपुराची (जपानी भज्यांची) चटणीही दाशीचीच. एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) आणि मिठाबरोबर मागवलेला भाज्यांचा तेंपुरा तुलनेने निर्धोक. तळणीचं तेल वेगळं असेलच असं नाही, तेवढं विचारून घ्या.

## ९. जपानमध्ये मागवताना

'हिया' म्हणजे गार असं वाटतं, पण परंपरेने तो खोलीच्या तापमानाचा शब्द आहे. गार हवी असेल तर 'रेइशू' म्हणा, कोमट हवी तर 'नुरुकान'. नुसतं 'आत्सुकान' म्हटलं तर कडक गरम येईल.

सुरुवातीला 'नोमिकुराबे' मागा, तीन छोटे पेले तुलनेसाठी एकत्र येतात. पेला मासूत ठेवून ओसंडेपर्यंत ओतला तर गोंधळू नका. आधी पेल्यातली प्या, मग मासूतली पेल्यात ओता. न मागता आलेली छोटी बशी बहुतेक ठिकाणी बिलात लागते, ती फुकट नसते.

भरपूर प्रकार थोडे थोडे चाखायचे असतील तर निगाता आणि एचिगो-युझावा स्टेशनांमधलं 'पोन्शुकान' बघा. टोकन घेऊन यंत्रातून निगाता प्रांतातल्या कोणत्याही भट्टीची साके घेता येते. पाण्याचा फरक जाणून घ्यायचा असेल तर कोबेजवळच्या नादाची एक जुनमाई आणि क्योतोतल्या फुशिमीची एक जुनमाई एकाच तापमानावर घ्या. नादाचं पाणी जपानी मानाने कठीण, फुशिमीचं मऊ. हिरोशिमाजवळच्या साइजोत भट्ट्या स्टेशनापासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत.

> सावधान: जपानमध्ये दारूसाठी वय २० पूर्ण लागतं. पिऊन गाडी चालवणाऱ्यालाच नाही, त्याच्या गाडीत जाणून बसणाऱ्याला आणि त्याला दारू देणाऱ्यालाही शिक्षा होते. सायकलसुद्धा सुटत नाही. भट्टीला रेल्वेनेच जा.

## १०. उरलेली बाटली

झाकण घट्ट लावून, उभी, फ्रीजमध्ये. नामा दोन-तीन दिवसांत संपवा, गिंजो आठवड्यात, जुनमाई दोन-तीन आठवडे तग धरते, कोशू त्याहून जास्त. भरीव जुनमाई उघडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कधी कधी जास्त गोल लागते, म्हणून पहिल्या दिवशी आवडली नाही तरी ओतून देऊ नका. बाटली अर्ध्याखाली आली तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी लागते.

सुगंध गेलेली साके स्वयंपाकात जाते. मासे किंवा मशरूम वाफवताना दोन चमचे पुरतात, आणि र्योरीशूसारखं मीठ नसल्यामुळे पाककृतीतलं मीठ कमी करावं लागत नाही. पण आधी नितळ असलेली साके नंतर ढगाळ झाली आणि आंबलेला, नासका वास आला, तर ती मोरीत ओता. पिवळेपणा किंवा वाळलेल्या खारकेसारखा वास एवढंच असेल तर ती फक्त म्हातारी झाली आहे, ४५ वर कोमट करून बघा.